ग्रामीण पुरुषांच्या आरोग्य-अभ्यासात सहभागी नेमके कोण? पहिल्या तक्त्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही खेड्यांतल्या पुरुषांच्या आरोग्याचा अभ्यास तुम्ही केला आहे. लघवीच्या तक्रारी, लैंगिक आरोग्य, रक्तदाब, दारू-तंबाखू हे त्यातले विषय. सहभागींची माहिती देणारा पहिला तक्ता तयार झाला तेव्हा दिसलं की बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले आहेत, बहुतेक विवाहित आहेत आणि व्यवसायाच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'शेती' आहे. परीक्षकांनी शेरा दिला, 'नमुना प्रातिनिधिक वाटत नाही.' तुमच्याकडे क्षेत्रकामाचे थोडेच दिवस उरले आहेत. तक्त्यात काय असावं, हा एकांगीपणा कसा सावरावा, आणि शीर्षकात 'ग्रामीण पुरुष' असं लिहिता येईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा तक्ता खोटा नाही. तुम्ही दार ठोठावलं तेव्हा जे घरात होते ते त्यात आले आहेत. चूक होईल ती पुढच्या पायरीवर, या माणसांना 'गावातले पुरुष' म्हणताना. सहभागींचा तक्ता बहुतेक विद्यार्थी सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईत करतात, कारण त्यात 'निष्कर्ष' नसतात. मी तो सर्वांत आधी करायला सांगतो. पुढचा प्रत्येक टक्का या तक्त्यातल्या माणसांचा असतो, आणि त्यात जे आले नाहीत त्यांच्याबद्दल पुढचा एकही टक्का काही सांगत नसतो.

माझ्या सुरुवातीच्या एका पाहणीत आम्ही सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात घरं करायचो. तीन दिवसांत एका वस्तीतली सगळी घरं झाली. यादीवर नजर टाकली तर पंचवीस ते चाळीस वयाचा जवळजवळ कोणीच नव्हता. चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर मी एकटाच परत गेलो. दुपारी ज्या ओट्यावर एक आजोबा एकटे बसले होते, तिथे आता चौघे होते. एकाच्या बोटांच्या पेरांत सिमेंट वाळलेलं, दुसरा सुजलेला पाय चोळत बसलेला. तो म्हणाला, "दिवसा कोण भेटणार तुम्हाला? दिवसा इथे म्हातारे आणि आजारी." आमच्या तीन दिवसांच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजही करता येणार नाही. आम्ही निवडलेली घरं बरोबर होती. घड्याळानं माणसं गाळली होती.

पुरुषांच्या आरोग्यात हे गाळणं फार महाग पडतं, कारण यातले बहुतेक विषय वयाशी घट्ट बांधलेले आहेत. अमेरिकेतल्या 'मॅसॅच्युसेट्स मेल एजिंग स्टडी'चं उदाहरण घ्या. १९८७ ते १९८९ या काळात बॉस्टनच्या आसपासच्या ११ शहरा-गावांतून ४० ते ७० वयाच्या १,७०९ पुरुषांची पाहणी झाली. लिंगताठरतेच्या प्रश्नांना पूर्ण उत्तरं १,२९० जणांकडून मिळाली. कमी-अधिक अडचण असलेल्यांचं एकूण प्रमाण ५२ टक्के आलं, आणि हा आकडा जगभर उद्धृत होत राहिला. पण त्याच्या पोटात काय होतं पाहा: चाळिशीला हे प्रमाण सुमारे ४० टक्के, सत्तरीला ६७ टक्के, ताठरता पूर्णपणे गेलेल्यांचं प्रमाण ५ वरून १५ टक्क्यांवर. म्हणजे त्याच पुरुषांमधून वयाचं मिश्रण बदलून निवड केली असती तर ५२ चा आकडा सहज खाली किंवा वर सरकला असता. मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचंही तसंच आहे. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ग्रंथीची सौम्य वाढ सूक्ष्मदर्शकाखाली सापडते, आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांमध्ये. तुमच्या तक्त्यात पन्नाशीपुढचे जास्त असतील, तर लघवीच्या तक्रारी जास्त येणारच. त्याचा गावाशी संबंध असेल किंवा नसेल.

हे आकड्यांत मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा तुमच्या १०० सहभागींत चाळिशीच्या आतले २० आणि पुढचे ८० आहेत. एखादी तक्रार तरुणांत १० टक्के आणि प्रौढांत ४० टक्के आहे. तुमचा सरसकट आकडा येईल ३४ टक्के. आता घरयादी काढून बघितली आणि गावात दोन्ही गट निम्मे-निम्मे निघाले, तर वयानुसार वजन दिल्यावर, म्हणजे प्रत्येक गट गावातल्या त्याच्या वाट्याइतकाच धरल्यावर, तोच आकडा २५ टक्के होतो. तक्रार तीच, माणसं तीच, प्रश्नावली तीच. नऊ टक्क्यांचा फरक फक्त घरी कोण भेटलं याचा आहे. म्हणून प्रबंधात दोन्ही आकडे द्या, सरसकट आणि वयानुसार दुरुस्त केलेला, आणि दुरुस्तीसाठी कोणती लोकसंख्या आधाराला घेतली ते स्पष्ट लिहा. दुसऱ्या देशाशी तुलना करायची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाणित जागतिक लोकसंख्या वापरता येते. तुमच्याच गावांचं चित्र हवं असेल तर तुमचीच घरयादी उत्तम.

पण वजन देणं हा रामबाण उपाय नाही, आणि इथे बरेच जण फसतात. वजन देताना आपण गृहीत धरतो की जे वीस तरुण भेटले, ते न भेटलेल्या तरुणांसारखेच आहेत. हे बहुधा खरं नसतं. भरदिवसा घरी सापडलेला तीस वर्षांचा माणूस एखाद्या आजारानं घरी असेल, बेरोजगार असेल, किंवा घरचाच व्यवसाय करणारा असेल. जो बांधकामावर, ट्रकवर, खाणीत किंवा दूरच्या शहरात आहे, त्याचं पिणं, झोप, लैंगिक जोखीम, पाठदुखी सगळंच वेगळं असू शकतं. घरी सापडलेल्याच्या उत्तराला अडीचपट वजन दिल्यानं बाहेर गेलेल्याचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येतो घरी असलेल्याचाच आवाज, फक्त मोठ्यानं.

इथून पुढचा प्रश्न येतो: गावचा माणूस म्हणायचं कोणाला? एका घरी मी यादीतल्या मुलाबद्दल विचारलं तेव्हा त्याची आई म्हणाली, "तो इथलाच आहे. फक्त इथे नसतो." पाहणीच्या भाषेत या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. काल रात्री घरात झोपलेले सगळे, ही एक; घराचे म्हणून जे नेहमी गणले जातात ते, ही दुसरी. दोन्हींतून वेगळा तक्ता निघतो, आणि तरुण पुरुषांच्या बाबतीत तर फारच वेगळा. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तरेकडील ग्रामीण भागात २००० सालापासून एक लोकसंख्या-निरीक्षण चालू आहे. तिथे कामासाठी बाहेर राहणाऱ्यांचं प्रमाण इतकं मोठं आहे की घराचे सदस्य, पण राहायला दुसरीकडे, अशी स्वतंत्र नोंद सुरुवातीपासूनच ठेवली गेली. असा माणूस कुटुंबाच्या यादीत राहतो आणि त्याचं नसणंही नोंदलं जातं. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. तुमच्या प्रबंधात एवढी तरी ओळ हवी: 'निवासी म्हणजे मागच्या बारा महिन्यांपैकी किमान इतके महिने गावात राहिलेला.' आकडा तुम्ही ठरवा. पण ठरवा, आणि सगळ्या घरांना तोच लावा.

आता न भेटलेल्यांविषयी. बहुतेक प्रबंधांत प्रतिसादाचा एकच टक्का असतो, आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात: माणूस भेटलाच नाही, भेटला पण 'नको' म्हणाला, सुरुवात केली पण मधूनच उठून गेला. तिन्हींची कारणं वेगळी आणि त्यातून येणारा कलही वेगळा. भेटलाच नाही याच्यामागे बहुधा काम आणि स्थलांतर असतं. नकारामागे लाज असते, अविश्वास असतो, किंवा 'मला काही झालेलं नाही' ही भावना. मधूनच उठणं बहुतेक वेळा लैंगिक प्रश्नांपाशी होतं, किंवा तेवढ्यात घरातलं कोणी जवळ येऊन बसल्यामुळे. म्हणून घरयादीत पात्र पुरुष किती, प्रत्यक्ष भेटले किती, तयार झाले किती, पूर्ण झाले किती, ही उतरंड ओघतक्त्यात दाखवा. २००७ साली प्रसिद्ध झालेली 'स्ट्रोब' मार्गदर्शिका निरीक्षणात्मक अभ्यासांकडून हेच मागते: प्रत्येक टप्प्यावरची संख्या, गळतीची कारणं, आणि प्रत्येक रकान्यात किती जणांची माहिती नाही तेही.

न भेटलेल्या माणसाबद्दल काहीच कळत नाही, असंही नाही. घरातलं कोणी ना कोणी सांगू शकतं: वय साधारण किती, काय काम करतो, कुठे असतो, परत कधी येणार. या चार गोष्टी लिहून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. आजाराविषयी मात्र घरच्यांना विचारू नका. ती माहिती त्याची आहे, आणि नीतिसमितीनं तशी परवानगी दिलेली नसते. या चार गोष्टींवरून भेटलेले आणि न भेटलेले यांची तुलना करणारा छोटा तक्ता करता येतो. माझ्या मते ग्रामीण पुरुषांच्या कुठल्याही पाहणीतला हा सर्वांत प्रामाणिक तक्ता असतो.

'न येणारे वेगळे असतात' हा केवळ अंदाज नाही. १९४८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या हृदयविकाराच्या प्रसिद्ध फ्रॅमिंगहॅम अभ्यासात ६,५०७ स्त्री-पुरुषांना निवडलं होतं. त्यांपैकी ४,४६९ आले, आणि स्वतःहून पुढे आलेल्या ७४० जणांना धरून ५,२०९ हा आकडा झाला. पुढे मृत्यूंची नोंद तपासली तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत न आलेल्यांमध्ये मृत्यू जास्त आढळले. येणारे थोडे अधिक निरोगी होते. आपल्या कामात मात्र उलटंही घडतं. शिबिर आरोग्य केंद्रात लावलं तर तक्रार असलेलेच येतात, आणि प्रमाण फुगतं. त्यामुळे 'कल कुठल्या दिशेला' याचं ठोक उत्तर नाही. माणसं कशी गोळा केली, त्यावर ते ठरतं.

वयाची खिडकीसुद्धा कोणीतरी निवडलेली असते, हेही नजरेआड होतं. प्रोस्टेटसाठी गाजलेला अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीचा अभ्यास ४० ते ७९ वयाच्या २,११५ पुरुषांचा. ते सगळे गोरे, आणि प्रतिसाद सुमारे ५५ टक्के. हृदयविकारासाठीच्या 'सेव्हन कंट्रीज'मध्ये ४० ते ५९. ऑस्ट्रेलियाच्या 'टेन टू मेन'मध्ये २०१३-१४ साली १० ते ५५ वयाचे सुमारे १६,००० मुलगे आणि पुरुष, प्रतिसाद ३५ टक्के. सगळेच 'पुरुषांचं आरोग्य', पण एकाची शेवटची पायरी जिथे येते तिथे दुसऱ्याची अर्धी वाटही सरलेली नसते. तुमच्या आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्हींची वयं शेजारी-शेजारी मांडा.

वयाचा विषय निघालाच आहे, तर ते विचारण्याबद्दलही सांगतो. जन्मनोंद नसलेल्या पिढीत वय गोल आकड्यात येतं. एका गृहस्थांनी मला 'साठ लिहा' म्हणून सांगितलं. मग बोलता बोलता म्हणाले की मोठा पूर आला तेव्हा ते औत धरण्याइतके मोठे होते. पुराचं साल माहीत होतं. त्यावरून हिशेब केला तर ते सत्तरीच्या पुढे निघत होते. अशासाठी गावातल्या पूर, दुष्काळ, रस्ता, वीज, शाळा यांच्या सालांची एक यादी आधीच बनवून खिशात ठेवायची असते. वयं किती गोल झाली आहेत हे मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक आहे: २३ ते ६२ वयोगटात ज्यांचं वय ० किंवा ५ वर संपतं त्यांची संख्या घ्या, पाचनं गुणा, त्या गटातल्या एकूण संख्येनं भागा आणि शंभरनं गुणा. १०० म्हणजे गोलाई नाही, ५०० म्हणजे सगळेच ० किंवा ५ वर. संयुक्त राष्ट्रांच्या निकषानुसार १०५ च्या आत अगदी चोख, १७५ च्या पुढे फारच ढोबळ. तुमच्या लहान नमुन्यात हा आकडा डळमळेल, म्हणून एकेका वर्षाचा स्तंभालेखही काढून बघा. ५०, ५५, ६० वर सुळके दिसले तर वयोगट ५०–५४, ५५–५९ असे पाडू नका; दहा-दहा वर्षांचे करा आणि का केले ते लिहा.

व्यवसायाच्या रकान्यातला तो सगळीकडचा 'शेती' शब्द मला सर्वांत जास्त खटकला. ज्याची जमीन आहे तो शेती म्हणतो, जो दुसऱ्याच्या रानात मजुरी करतो तोही शेती म्हणतो, आणि ज्यानं दहा वर्षांत कुदळ धरली नाही पण सातबारा नावावर आहे, तोही शेतीच म्हणतो. औषध फवारणारा, फवारणी करून घेणारा, ट्रॅक्टर चालवणारा आणि जनावरं राखणारा या चौघांच्या शरीराचा कशाकशाशी संबंध येतो ते वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणातही कुशल शेतकरी सहाव्या मुख्य गटात आणि शेतमजूर नवव्यात आहेत, दोघं एका ओळीत येत नाहीत. म्हणून 'व्यवसाय काय' असं न विचारता तीन प्रश्न विचारा: मागच्या वर्षभरात जास्तीत जास्त दिवस कोणतं काम केलं, त्याशिवाय कोणतं केलं, आणि ते स्वतःच्या जमिनीवर की मजुरीनं.

याचं महत्त्व एका मोठ्या अभ्यासात स्वच्छ दिसतं. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत १९९३ ते १९९७ दरम्यान 'ॲग्रिकल्चरल हेल्थ स्टडी'साठी नोंदणी झाली. कीटकनाशक वापरण्याचा परवाना घ्यायला येणाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांनाच तिथे सहभागी करून घेतलं: ५२,३९४ शेतकरी, त्यांच्या ३२,३४५ जोडीदार आणि ४,९१६ व्यावसायिक फवारणी करणारे. शेतकऱ्यांमध्ये जवळजवळ सगळे पुरुष. एकूण कर्करोग सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमी निघाला, प्रोस्टेटचा कर्करोग मात्र जास्त. अतिशय मोलाचं काम आहे हे. पण परवाना मालक काढतो. हंगामापुरता येऊन त्याच शेतात राबणारा मजूर त्या रांगेत कधी उभाच राहत नाही. म्हणून त्या निष्कर्षांना 'परवानाधारक शेतकऱ्यांचे' म्हणावं लागतं, आणि त्या संशोधकांनी तसंच म्हटलं आहे. तुमच्या अभ्यासाचा 'परवाना' कोणता होता, म्हणजे कुठल्या दारातून माणसं आत आली, ते तुम्हीही लिहायला हवं.

'ग्रामीण' हा शब्दही एकसारखा नाही. 'सेव्हन कंट्रीज'मध्ये जपानची दोन गावं होती, दोन्ही क्यूशू भागातली: तानुशिमारू शेतकऱ्यांचं, उशिबुका मासेमारांचं. ग्रामीण दोन्ही, पण दिनक्रम आणि आहार वेगळे. त्या अभ्यासानं खेडी निवडण्यामागचं एक कारण असं की तिथली माणसं जागा सोडून फारशी जात नसत, म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा करता येई. तेव्हा ते खरं असेल. आजच्या बहुतेक खेड्यांत ते गृहीत धरणं धोक्याचं. व्याख्येसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं २०२० साली मान्य केलेली पद्धत बघा. तीत दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० घनतेचे सलग भाग मिळून ५०,००० वस्ती झाली तर शहर, किमान ३०० घनतेचे मिळून ५,००० झाली तर नगर किंवा अर्धदाट भाग, आणि उरलेलं ग्रामीण. सरकारी व्याख्या वापरलीत तरी हरकत नाही, पण तिच्या शेजारी आणखी एक रकाना द्या: डॉक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. किलोमीटर नको, वेळ. डांबरी रस्त्यावरचे दहा किलोमीटर आणि ओढ्यापलीकडचे चार यांत दुसरेच लांब असू शकतात, आणि पुरुषांनी तपासणी टाळण्यामागे हे अंतर वारंवार सापडतं.

शिक्षणाबद्दल एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. शिक्षणाचा रकाना तुमच्या इतर उत्तरांची गुणवत्ताही सांगतो. लघवीच्या तक्रारींची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली सात प्रश्नांची आहे. गुण ० ते ३५. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून तीव्र. 'मागच्या महिन्यात निम्म्याहून कमी वेळा की सुमारे निम्म्या वेळा' असा फरक ज्याला वाचून करता येत नाही, त्याला मुलाखतकार मदत करतो, आणि मदत करताना नकळत उत्तरही सुचवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी म्हणूनच चित्रांची गुणपद्धती तयार केली, आणि कमी शिकलेल्यांना ती मदतीशिवाय जास्त जमली. शाळेची वर्षं विचारण्यापेक्षा एक साधं वाक्य लिहिलेलं कार्ड वाचायला द्या. मोठ्या लोकसंख्या-आरोग्य पाहण्यांत असं कार्ड वापरतात. आणि कोणाची प्रश्नावली स्वतः भरलेली, कोणाची वाचून दाखवलेली, हे नोंदवा. तुमच्याकडे ती नोंद नसेल तर मुलाखतकारांना आजच विचारून घ्या, पुढच्या महिन्यात त्यांना आठवणार नाही.

वैवाहिक स्थितीत 'विवाहित' हा गठ्ठा मोडा. बायको सोबत राहते का, की तो कामासाठी किंवा ती माहेरी वेगळी आहे, हे हवं. एकट्यानं राहणारा साठीतला विधुर आणि भरल्या घरात राहणारा विधुर यांची औषधं वेळेवर घेण्याची शक्यता सारखी नसते. आर्थिक स्थितीसाठी थेट उत्पन्न विचारू नका. खेड्यात ते हंगामानुसार बदलतं आणि सांगणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. घरातल्या वस्तू, छप्पर, पाणी, जनावरं यांवरून निर्देशांक करा, पण शहर-खेडं मिळून बनवलेला तयार निर्देशांक उचलू नका. त्यात सगळं गाव खालच्या पायरीवर एकत्र गोळा होतं आणि आतला फरक दिसेनासा होतो.

तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात पी-मूल्यं, म्हणजे गटांतला फरक केवळ योगायोगानं एवढा दिसण्याची शक्यता सांगणारे आकडे, द्यायची का, असंही तुम्ही विचारलं आहे. वर्णनासाठी ती नकोत. त्यांनी वाचकाला काहीच मिळत नाही. वय तिरपं पसरलेलं असेल तर सरासरीऐवजी मध्यक आणि चतुर्थकं द्या. शंभरापेक्षा कमी माणसं असतील तर दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे हा नुसता थाट आहे. आणि गावं निवडून मग माणसं घेतली असतील, तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, हे हिशेबात घ्यावं लागेल. गावामागे २० माणसं आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ इतकं थोडं असलं, तरी १ + (२० − १) × ०.०५ म्हणजे १.९५. या आकड्यानं भागलं तर तुमचे ४०० सहभागी माहितीच्या दृष्टीनं साधारण २०५ इतकेच भरतात. हे वाईट वाटण्यासारखं नाही, फक्त विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा तो पल्ला, तेवढं रुंद लिहायचं.

गोपनीयतेबद्दल मात्र मी कडक आहे. छोट्या गावात तक्ता हाच माणसाचं नाव सांगतो. 'गाव अमुक, वय ८० पुढे, विधुर, निवृत्त शिक्षक: १' असं लिहिलंत, आणि दुसऱ्या तक्त्यात ८० पुढच्या एकाला लैंगिक आजार, की झालं. गावात वाचणाऱ्याला एक क्षणही लागणार नाही. मी हे घडताना पाहिलं आहे. एका अहवालाची प्रत गावात पोहोचली, आणि ज्यानं आम्हाला विश्वासानं सांगितलं होतं, त्यानं नंतर आमच्या कोणाशीच बोलणं ठेवलं नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून पाचापेक्षा कमी संख्येचा कुठलाही चौकोन मी शेजारच्या गटात मिसळतो, गावनिहाय तक्ते छापत नाही, आणि गावांची नावं लिहीत नाही.

आता उरलेल्या दिवसांत काय कराल. नवी गावं घेऊ नका. झालेल्याच गावांतली न भेटलेल्या पुरुषांची यादी काढा आणि प्रत्येकासाठी किमान तीन भेटी ठेवा: एक कामाच्या दिवशी अंधार पडल्यावर, एक सुट्टीच्या दिवशी, एक भल्या पहाटे कामावर निघण्याआधी. बाहेरगावी असलेले ज्या दिवशी एकदम घरी येतात तो दिवस गावातूनच कळून घ्या आणि त्यासाठी माणूस राखून ठेवा. माझ्या अनुभवात त्या एका दिवसानं तक्त्याचा चेहरा जितका बदलतो तितका दोन आठवड्यांच्या दुपारींनी बदलत नाही. घरात अनेक पात्र पुरुष असतील आणि एकच घ्यायचा असेल, तर समोर आला त्याला घेऊ नका. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ साली दिलेली निवड-जाळी (घरातल्या पात्रांना क्रमांक देऊन आधी ठरलेल्या तक्त्यावरून एक निवडण्याची पद्धत) वापरा, नाहीतर चिठ्ठी टाका, आणि घरात पात्र पुरुष किती होते ते लिहून ठेवा, कारण पाच जणांतून निवडलेल्याचं वजन एकट्यापेक्षा पाचपट असतं. लैंगिक प्रश्न ओट्यावर विचारू नका. चालत चालत बाजूला जा, झाडाखाली बसा; पुरुष तिथे बोलतात. दुपारी भेटलेले आणि जादा भेटींत सापडलेले यांची नोंद वेगळी ठेवा. दोघांच्या उत्तरांतला फरक पाहिला की न सापडलेल्यांकडे तो कुठल्या दिशेनं वाढत जाईल याचा अंदाज येतो.

परीक्षकांना उत्तर देताना 'नमुना प्रातिनिधिक आहे' असा आग्रह धरू नका. कशाचा प्रातिनिधिक, ते सांगा. एवढं सगळं करूनही तरुण कमीच राहिले, तर शीर्षकातला 'ग्रामीण पुरुष' हा शब्दप्रयोग काढून 'गावात वास्तव्यास असलेले ४० वर्षांवरील पुरुष' असं लिहा, आणि बाहेर कामाला असलेल्यांची संख्या गोषवाऱ्याच्या दुसऱ्याच ओळीत द्या.